बार्शी लाईटची मालगाडी आणि पाण्याची गाडी

स्मरणिका समितीने मला ‘आपल्या भागाचा इतिहास’ असा विषय दिला. सोसायटीचा इतिहास सचिवांनी याच अंकात सविस्तर लिहिला आहे. जागेचा सौदा, नोंदणी, पहिले भागधारक, बांधकामाला लागलेला उशीर, सगळे त्यात आले. त्यात मी भर घालत नाही. मी लिहितोय ते आपल्या पत्त्यातल्या तीन शब्दांविषयी. रेशनकार्डावर, लाईट बिलावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आपण ‘जुनी रेल्वे लाईन, लातूर’ असे लिहितो. रिक्षावाल्याला तेवढे सांगितले तरी पुरते. पण आपल्यातल्या पस्तिशीच्या आतल्या सभासदांना तिथला रूळ आठवत नाही. बाहेरगावची सून घरात आली की पहिल्या आठवड्यात विचारते, “लाईन, लाईन म्हणता, ती आहे कुठं?”

तर ती लाईन म्हणजे बार्शी लाईट. तिच्यावर याआधी बरेच लिहून झाले आहे, पण बहुतेक सगळे खिडकीत बसून लिहिलेले. चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडली, पुन्हा पळत येऊन डबा गाठला, येडशीच्या घाटात इंजिन धापा टाकायचे, आषाढीला टपावर वारकरी बसायचे. हे सगळे खरे आहे आणि वाचायला गोडही वाटते. पण ही लाईन माणसांची हौस म्हणून कुणी टाकली नव्हती. ती टाकली मालासाठी, जगली मालावर आणि मालानेच तिला सोडले. माझे वडील गंजातल्या एका आडत दुकानात मुनीम होते. त्यामुळे मी लहानपणापासून ही लाईन मालधक्क्यावरून पाहिली. प्रवासी गाडीचे मला फारसे कौतुक नव्हते. मालगाडी आली की वाघिणी मोजायच्या, हा माझा उद्योग.

आधी थोडी जुनी हकीकत. बार्शी ही कापसाची आणि धान्याची नामांकित पेठ. ती इंग्रजी मुलखात, पण तिन्ही बाजूंनी निजामाचा मुलूख जवळ. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे बार्शीला न येता पस्तीस किलोमीटरवरून निघून गेली. त्या लाईनवरच्या स्टेशनाला नाव मात्र दिले ‘बार्शी रोड’. तेच आजचे कुर्डुवाडी. नावात रोड असलेले स्टेशन गावापासून किती लांब असते ते लातूरकरांना सांगायला नको. आपलेही लातूर रोड आहेच. आजही एखादा पाहुणा तिथे उतरून फोन करतो, “आलो, घ्यायला या.” असो. बार्शीचा माल बार्शी रोडपर्यंत बैलगाडीने जायचा. पावसाळ्यात काळ्या रानातली वाट म्हणजे काय ते वेगळे सांगत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मोठ्या रेल्वेला जोडणारी स्वस्त, छोटी रेल्वे टाकायची हे त्याच्या डोक्यात बसले. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनचे साडेपाच फूट. निम्म्याहूनही कमी.

अडीच फूट हे अंतर लोकांच्या लक्षात राहते. कॅलथ्रॉपची खरी हुशारी मात्र दुसऱ्या आकड्यात होती. गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचे नाही, असा त्याने नियम केला. इंजिन असो, डबा असो की वाघीण, प्रत्येक आसावर पाच टन. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो आणि सगळा खर्च खाली येतो. वाघिणीला चार आस, म्हणजे मालासकट वीस टन. त्यातले वाघिणीचे स्वतःचे वजन त्याने दाबून आकार दिलेल्या पोलादी चौकटी वापरून जितके कमी करता येईल तितके केले, म्हणजे उरलेले सगळे मालाला. इकडे पाठवण्याआधी इंजिने आणि डबे लीड्सजवळ खास रूळ टाकून चालवून दाखवले आणि तिकडच्या इंजिनिअर मंडळींना पाहायला बोलावले. हाच माणूस पुढे विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्र्या बनवू लागला आणि अरबी घोड्यांवर त्याने पुस्तकही लिहिले. डोके एका जागी न बसणारा गृहस्थ असावा.

लाईन वाढत गेली. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूर. इकडे बार्शीहून तडवळे, आणि १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठे महांकाळ करत मिरज. असे मिळून २०२ मैल, सुमारे ३२५ किलोमीटर. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे लंडनची कंपनी, इंग्रजांचे बार्शी आणि निजामाचे लातूर असा तिहेरी मामला होता. निजामी राज्यात मालावर जकात घेणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. वडिलांच्या बोलण्यात ‘करोडगिरी’ हा शब्द शेवटपर्यंत होता. महानगरपालिकेच्या नाक्यालासुद्धा ते करोडगिरीच म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर, १ जानेवारी १९५४ पासून सरकारने कंपनी विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत गेली. नाव मात्र लोकांच्या तोंडी बार्शी लाईटच राहिले.

गंजगोलाईची आखणी १९१७ ची. म्हणजे रेल्वे आली आणि सहा वर्षांत पेठेला आकार दिला गेला. गोल इमारतीभोवती सोळा रस्ते, आणि दर रस्त्याला वेगळा व्यापार. रेल्वेमुळे गोलाई झाली असे मी म्हणणार नाही. पण रेल्वे नसती तर एवढ्या मालाचे करायचे काय, हा प्रश्न पडला असताच. तूर, हरभरा, करडई, भुईमूग, सरकी, कापूस असा माल इथून जायचा. मीठ, रॉकेल, सिमेंट, कापडाच्या गाठी असे उलट दिशेने यायचे. मालधक्क्यावर कुठल्या दिवसात कुठला वास येतो त्यावरून महिना सांगता यायचा. करडईच्या पेंडेचा वास तर कपड्यांत बसायचा. आई वडिलांचा सदरा वेगळा भिजवायची.

आता मुद्द्याकडे येतो. लातूरच्या मालधक्क्यावर वाघीण भरली, दाराला सील लागले, पावती हातात आली, की मला लहानपणी वाटायचे माल मुंबईला निघाला. प्रत्यक्षात तो निघायचा कुर्डुवाडीला. तिथे अडीच फूट संपायचे आणि साडेपाच फूट सुरू व्हायचे. वाघीण पुढे जाऊच शकत नव्हती.

साल नक्की सांगत नाही, पण मी सातवीत असेन, तेव्हा वडील दुकानाच्या कामासाठी कुर्डुवाडीला निघाले आणि मला बरोबर घेतले. तिथली माल बदलण्याची जागा मी तासन् तास पाहिली. मध्ये लांबच लांब फलाट. एका अंगाला छोटी लाईन, दुसऱ्या अंगाला मोठी. फलाटाची उंची अशी, की दोन्हीकडे फळी टाकली की हमाल चालत आत जाईल. छोट्या वाघिणीचे दार उघडायचे. आतला हमाल आकडा मारून पोते कडेला ओढायचा, दोघे ते तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे, तो वाकून दहा-बारा पावले चालून समोरच्या मोठ्या वाघिणीत शिरायचा. आत थप्पी लावणारा वेगळा. फलाटावर मध्ये एक कारकून पाटी घेऊन बसलेला. दर पोत्याला रेघ, पाच रेघा झाल्या की आडवी रेघ.

तेव्हाचे तुरीचे पोते शंभर किलोचे. छोट्या वाघिणीत साधारण दीडशे पोती. मोठ्या लाईनची त्या काळची चार चाकी बंद वाघीण बावीस टनांची, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. दोन छोट्या वाघिणी उघडल्या तर एक मोठी भरून पुढचीही अर्धीमुर्धी व्हायची. हिशेब कधी जुळायचाच नाही. अर्धी भरलेली मोठी वाघीण पुढच्या छोट्या गाडीची वाट बघत उभी आणि अर्धी रिकामी छोटी वाघीण मोठ्या वाघिणीची वाट बघत उभी, असे तिथले कायमचे दृश्य. त्यात पाऊस आला की ताडपत्र्यांची धावपळ.

आकड्याने पोत्याला भोक पडतेच. दर भोकातून थोडे सांडायचे. फलाटाच्या कडेला सुपे घेतलेल्या बायका बसलेल्या असायच्या. पोते गेले की त्या झाडून घ्यायच्या, खडे-माती पाखडायच्या, दाणे पदरात. कुणी हटकत नव्हते. हे मी गैर म्हणून सांगत नाही, तसा तिथला रिवाज होता आणि त्यावर कितीतरी चुली पेटत असतील. पण वडिलांच्या वहीत दर पावतीपुढे ‘तूट’ असा रकाना होता. त्या रकान्यात नेहमी काहीतरी लिहिलेले असायचे. मी एकदा विचारले, “आण्णा, हे कोण चोरतं?” ते म्हणाले, “कुणी नाही बाळा. दोनदा उचललं की कमी होतंच.”

मिरजेला तर याहून गंमत. तिथे एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ एकाच स्टेशनात होते. पुण्याकडून आलेली मोठी लाईन, बेळगाव-हुबळीकडे जाणारी मीटर गेज आणि आपली छोटी. गाडीच्या छंदिष्टांना हा स्वर्ग वाटायचा. व्यापाऱ्याला मात्र तिथे दर वळणावर एक हमाली.

कॅलथ्रॉपला ही अडचण दिसत नव्हती असे नाही. त्याचे म्हणणे असे, की माल बदलायला जो खर्च येतो तो मोठी लाईन टाकण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. १८९७ साली ते बरोबर असेल. समोर पर्याय बैलगाडीचा होता, आणि बैलगाडीलाही माल बदलावा लागायचाच. पुढे इंग्लंडातल्या एका डोंगरी लाईनवर त्याने मोठी वाघीण अखंड उचलून छोट्या लाईनवरून नेणाऱ्या खास गाड्या चालवून दाखवल्या. आमच्याकडे मी पाहिले ते शेवटपर्यंत हमालाची पाठ.

मग ट्रक आले. आमच्या पेठेत मला आठवते ते असे, की आधी घाईचा माल ट्रकने जाऊ लागला, मग जवळचा, आणि मग सगळाच. ट्रकला भाडे जास्त होते. पण ट्रक दुकानाच्या दारात भरायचा आणि मुंबईत मशीद बंदरला व्यापाऱ्याच्या दारात रिकामा व्हायचा. मधे कुर्डुवाडी नाही, तुटीचा रकाना नाही. वडिलांच्या मालकांनी ज्या वर्षी रेल्वेची स्वतंत्र वही बंद केली, त्या वर्षी वडिलांनी जुन्या वह्या घरी आणल्या. त्या आजही माझ्याकडे आहेत, कुणाला पाहायच्या असतील तर यावे.

मालगाड्या कमी झाल्या, मग मिक्स गाडीला दोन-चार वाघिणी, मग तेही नाही. कोळशाची इंजिने जाऊन डिझेल आले तरी वेग तोच. उरली ती प्रवासी गाडी, आणि तिच्यावर कवितावजा लेख. मला त्या लेखांचा राग नाही, पण एक गोष्ट खटकते. छोटी लाईन उखडू नये, वारसा म्हणून ठेवावी असे म्हणणाऱ्यांपैकी कुणाला तिच्यावरून पोतेभर माल पाठवायचा नव्हता. रुंदीकरणासाठी लातूरकरांनी आंदोलने केली, निवेदने दिली, ती याच कारणाने. लातूर रोडला मोठी लाईन होती, कुर्डुवाडीला मोठी लाईन होती, आणि मधे आपण अडीच फुटांवर अडकलेले.

रुंदीकरण तुकड्यातुकड्याने झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी. लातूरकडचे काम २००७-०८ मध्ये पुरे झाले. त्यात मार्ग थोडा वळवून धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, प्रथमच रेल्वे मिळाली. शेवटचा पंढरपूर-मिरज तुकडा २०११ पर्यंत झाला. लातूरचे स्टेशन शहराबाहेर गेले आणि गावातली जुनी लाईन रिकामी झाली. तिचा रस्ता झाला, आणि आपला पत्ता.

रुंदीकरण झाले तेव्हा पेढे वाटले गेले ते मुंबईच्या गाडीसाठी. मालगाडीचे नाव कुणी घेतले नाही. त्याची गरज कळली २०१६ च्या एप्रिलमध्ये.

त्या वर्षीची हकीकत जुन्या सभासदांना सांगायला नको, पण नव्यांसाठी लिहितो. मांजरा धरण कोरडे पडले होते. आपली दोन्ही बोअर फेब्रुवारीतच हवा ओढू लागली. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली. लातूरचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले, तेही असे. आपल्या सोसायटीची त्या महिन्यातली सभा इतिवृत्तात आहे. टँकर आला की त्याचे पाणी खालच्या टाकीत घ्यायचे, टाकीला कुलूप, किल्ली सचिवांकडे, आणि घरटी मोजून दोनशे लिटर. दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी विचारले, “ज्यांच्या घरी सहा माणसं आहेत त्यांना पण दोनशे, आणि दोन माणसांना पण दोनशे?” या प्रश्नावर सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. शेवटी माणशी हिशेब ठरला. ज्यांच्या घरात दोघेच होते त्यांनी सही करताना तोंड वाकडे केले, पण सही केली. मीही त्यांत होतो.

आणि मग बातमी आली की मिरजेहून रेल्वेने पाणी येणार.

आपल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद राहतात. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. ते मला माझ्या वडिलांवरून थट्टेने ‘मुनीमजी’ म्हणतात. बातमी आली त्या संध्याकाळी ते कट्ट्यावर म्हणाले, “मुनीमजी, मिरज ते लातूर! रस्ता वळखला का?”

मी ओळखला नव्हता. मिरज, कवठे महांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बार्शी लाईटच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोहोचली. अंतर सुमारे ३४२ किलोमीटर. टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात आतून धुऊन पाठवलेल्या. पाणी कृष्णेचे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या वर. गार्डसाहेबांनी आम्हाला पहाटे उठवले. मी, ते आणि शेजारचे दोन तरुण स्टेशनकडे गेलो. पोलीस बंदोबस्त आणि गर्दी असल्याने लांबूनच पाहिले. दहा तपकिरी टाक्या. मी सवयीने मोजल्या.

परतताना तरुणांपैकी एकजण म्हणाला, “काका, पाच लाख लिटर म्हणजे माणशी किती?” २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे माणशी सव्वा-दीड लिटर. एक बाटली. तो हसला. मला हसू आले नाही. पण लवकरच पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाख लिटरची. मग पावसाळ्यापर्यंत अशा शंभराहून जास्त खेपा झाल्या. स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी उतरवायचे, तिथून शुद्धीकरणाला आणि मग टँकरने वॉर्डावॉर्डांत. आपल्या टाकीत आलेल्या टँकरमध्ये कृष्णेचे पाणी किती आणि बोअरचे किती, हे कुणी सांगू शकणार नाही. पण टँकर चुकला नाही, हे इतिवृत्ताबरोबरच्या टँकर-वहीतून दिसते.

त्या दिवसांत कट्ट्यावर रोज याच गप्पा. एकदा गार्डसाहेबांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. पाणी भरलेली एक टाकीवाघीण सगळी मिळून एक्क्याऐंशी टन. चार आस. एका आसावर वीस टन. “आता बगा,” ते म्हणाले, “आपल्या छोट्या लाईनची अख्खी वाघीण मालासकट वीस टन. म्हणजे जे तिच्या आख्ख्या अंगावर मावायचं, ते आता एका आसावर येतंय.” मग मी माझ्या मुनीमगिरीचा हिशेब जोडला. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. छोट्या वाघिणीला पंधरा टन धरले तर एकशे पासष्टहून जास्त वाघिणी. वीस वाघिणींपेक्षा लांब गाडी मी कधी मोजलेली नाही. म्हणजे रोज आठ-नऊ गाड्या, एकेरी लाईनवर, येडशीच्या घाटातून, तशी वेगाने. इंजिनांना लागणारे पाणी वेगळेच! कोळशाच्या काळात तर निम्मे पाणी आणणारी इंजिनेच प्यायली असती, असे गार्डसाहेब म्हणाले. ते अतिशयोक्ती करतात.

यातली खरी गोष्ट रुंदीची आहे. ज्या वर्षी ही वेळ आली त्याच्या पाच वर्षे आधी पंढरपूर-मिरज तुकडा झाला होता. तो झाला नसता, तर मिरजेचे पाणी पंढरपुरापर्यंत अडीच फुटांवरून आले असते आणि तिथे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत पंपाने ओतावे लागले असते. पाण्याला आकडा मारता येत नाही, पोते करता येत नाही, आणि सांडले तर सुपाने भरता येत नाही. वडिलांच्या वहीतला तुटीचा रकाना आठवला आणि त्या रात्री मी ती वही कपाटातून काढून बसलो. देशात याआधी १९८६ मध्ये राजकोटला रेल्वेने पाणी नेले होते. पण लातूरला ते अशा रस्त्याने आले, ज्या रस्त्यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वी दर दाण्याला दोन वेळा हमाली पडत होती.

या गाडीचे कौतुक करताना मी हेही लिहून ठेवतो, की ती यावी लागली हे कौतुकाचे नाही. त्या वर्षी आपल्याच पेठेतून बाहेर जाणाऱ्या मालात साखरही होती, आणि ऊस किती पाणी पितो हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्यात ऊस असलेले सभासद आहेत, त्यांच्याशी हा वाद मी कट्ट्यावर घालतो, स्मरणिकेत नाही.

आता मोठ्या लाईनवर खताचे, सिमेंटचे रेक येतात. हरंगुळला छोट्या गाडीच्या काळी उतरणारे मोजके असायचे. तिथे रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला, त्याची पायाभरणी २०१८ ला झाली. गार्डसाहेबांचे वय झाले, त्यांना स्टेशनपर्यंत जाणे होत नाही. रात्री वारा इकडचा असला तर भोंगा गच्चीवर ऐकू येतो. मालगाडी की प्रवासी, हे ते भोंग्यावरून नाही, चाकांच्या आवाजावरून सांगतात. भरलेली आहे की रिकामी, तेही. मी ताडून पाहिलेले नाही.

२०१६ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आत, आपण सोसायटीच्या पश्चिम कोपऱ्यात पुनर्भरणाचा खड्डा घेतला. वर्गणी घरटी सारखीच होती, त्यावर कुणी वाद घातला नाही. खणताना तीन फुटांवर काळ्या फोडीव दगडाचा थर लागला. मजूर म्हणाले इथे पूर्वी रस्ता असेल. गार्डसाहेबांनी एक दगड हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, रुळाखालची खडी आहे. खड्ड्याच्या तळाला मोठे दगड घालावे लागतातच, म्हणून बाहेरून ट्रॉली मागवायची होती, ती रद्द केली आणि तीच खडी धुऊन तळाला भरली. गच्चीचे पाणी आता तिच्यातून जाते. दर मे महिन्यात तो खड्डा साफ करायचा असतो. यंदाची पाळी ब विंगची आहे.